रोहीचं गमतीचं लॅटिन नाव शाळेच्या फलकावर असावं का?

बाभूळबन: आमच्या जिल्हा परिषद शाळेत रोहीच्या, म्हणजे नीलगायीच्या, चित्राखाली मुलांनी जुळवलेलं नाव लिहिलं आहे: 'सिसेरिव्होरस विदर्भेन्सिस', म्हणजे विदर्भातला हरभरा फस्त करणारा. काही पालक म्हणतात, पुसा. माझं मत, राहू द्या. नाव नियमाने बनलंय. हरभऱ्याला लॅटिनमध्ये 'सिसेर', षष्ठीत 'सिसेरिस'. त्यातलं 'इस' काढायचं, उरलेल्या मुळाला 'इ' जोडायचा, मग 'व्होरस', म्हणजे गिळणारा. 'कार्निव्होरस', म्हणजे मांस खाणारा, याच साच्यातला. 'एन्सिस' गावाला, प्रदेशाला लागतो.

काळीमाती: पुसाच. रोहीला 'बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस' हे नाव आहेच. 'ट्रॅगोकॅमेलस' पॅलास या प्राणिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये दिलं, 'बोसेलाफस' ब्लेनव्हिल या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये. बैल, हरीण, बोकड, उंट, चारही एका नावात! आणखी गंमत कशाला हवी? शिवाय हरभरा रानडुक्करही खातं. रोहीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते शेंडा ओढून तोडतं आणि देठ फाटलेला दिसतो. डुक्कर झाड मुळासकट उकरतं. नावावरून दोघांतला फरक कळत नसेल, तर ते नाव काय कामाचं?

वऱ्हाडी पाटी: मंग डुकरासाठी वेगळं करा ना भाऊ! पण जपून. डुकराले लॅटिनमधी 'सुस', षष्ठी 'सुइस'. कोणी 'सुइव्होरस' करन, तं त्याचा अर्थ डुक्कर खाणारा, म्हणजे वाघ झाला! 'व्होरस'च्या आंधी जे येते, ते खाल्लं जाते. लेकरायले एवढं समजलं का 'हर्बिव्होरस' (झाडपाला खाणारा), 'इन्सेक्टिव्होरस' (किडे खाणारा) घोकाव लागत नाई.

काळीमाती: हे पटलं. पण ते वर्गात शिकवा. फलकावर रोज दिसलं, की पोरं परीक्षेत तेच लिहितील.

पळसफूल: कोणी 'व्होरस'ऐवजी 'फॅगस' लावा म्हणतात. त्याचाही अर्थ खाणारा, पण तो ग्रीक आहे. लॅटिन 'सिसेर'ला 'व्होरस'च शोभतो. राहिला घोटाळ्याचा प्रश्न. हाताने लिहिताना शास्त्रीय नावाच्या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढतात. खरं नाव वर, रेघांसह. जुळवलेलं खाली, बिनरेघेचं.

काळीमाती: रेघेची खूण लहान पोरांच्या ध्यानात येत नाही. जुळवलेलं नाव दुसऱ्या रंगाच्या खडूने चौकटीत लिहा, वर 'आम्ही बनवलेलं' असं ठळक घाला. तरीही पाचवीच्या आतल्या वर्गांत नकोच.