मदत हवी आहे : एम. टीएच. मराठी विषयावर करता येईल का?

सर्वांना सप्रेम सलाम. मी सेरामपूर सिनेटची (ख्रिस्ती ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची) बी. डी. ही ईशज्ञानातील पदवी पूर्ण केली असून गेली चार वर्षे नगर जिल्ह्यातील एका मंडळीत (चर्चमध्ये) पाळकाचे काम करीत आहे. आता ख्रिस्ती धर्माचा इतिहास या शाखेत एम. टीएच. (ईशज्ञानातील पदव्युत्तर पदवी) करण्याचा विचार आहे.

विषय मनात आहे तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून (१८६१–१९१९) चालत आलेल्या ख्रिस्ती भजन-कीर्तनाच्या परंपरेचा. आमच्या मंडळीत आजही रविवारी टाळ आणि तबला निघतो. आजीच्या ‘उपासना-संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहाच्या प्रतीला कव्हर उरलेले नाही, पण पानोपानी तिने पेन्सिलीने चाली लिहून ठेवल्या आहेत. असे साहित्य घरोघरी पडून आहे आणि ते हळूहळू रद्दीत जात आहे, हे मला अधिक बोचते.

अडचण अशी की, साधने सारी मराठीत आणि प्रबंध मात्र बहुधा इंग्रजीत लिहावा लागणार. शिवाय शिक्षणासाठी बेंगळुरूला राहून, १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक चाळायचे कसे, हाही प्रश्नच आहे. अभंगांचे भाषांतर प्रबंधात कसे मांडतात, मूळ मराठी ओळी देवनागरीत देऊ देतात का, आणि मराठी जाणणारे मार्गदर्शक कोठे मिळतील? दोन वर्षे कुटुंबासह बाहेर राहिलेल्यांनी खर्च व शिष्यवृत्तीचा अनुभवही कृपया सांगावा. प्रवेश-परीक्षेच्या तयारीचे मी पाहून घेईन.