मुलीचं नाव अभय, विक्रम, शौर्य ठेवावं का?

सोनचाफा
मुलीला ‘मुलाचं’ नाव द्यावं की नाही यावर इथे एकदा नीट चर्चा व्हावी. माझं मत: नाव मनापासून आवडलं असेल तर खुशाल द्यावं. अभय आवडलं असेल तर अभयच ठेवावं, ‘मग अभया ठेवा की’ असं कुणी म्हटलं म्हणून मागे हटू नये.

व्याकरण आड येत नाही. आजच्या मराठीत विशेषनामाचं सामान्यरूप सहसा करत नाहीत. ‘अभयने’, ‘अभयला’ ही रूपं मुलगा असो की मुलगी, सारखीच राहतात. बाई की पुरुष ते क्रियापद सांगतं: ‘अभय आली’. आणि ही काही नवी टूम नाही. किरण बेदी आणि किरण मोरे एकाच देशात, एकाच काळात नावाजले. माणिक वर्मांच्या काळात माणिकराव गावोगावी होते. सुहास, शशी, कमल, रतन ही नावंही दोन्हीकडे चालली. मुलींना शूर, निर्भय अर्थाची नावं देताना मात्र शेवटी ‘आ’ जोडूनच द्यायची, ही सक्ती कशासाठी?

पाटीपेन्सिल
सोनचाफा, उदाहरणं तुमच्या बाजूची नाहीत. किरण, शशी, कमल आधीपासूनच दोघांची आहेत. प्रश्न विक्रमचा आहे.

माझा विरोध व्याकरणाला नाही, दिशेला आहे. मुलीचं नाव विक्रम ठेवणारे भेटतील, मुलाचं वैशाली ठेवणारे दाखवा. इंग्रजीत लेस्ली, ॲशली, बेव्हर्ली, एव्हलिन ही एकेकाळी पुरुषांची नावं होती. मुलींना देऊ लागले आणि मुलग्यांना देणं हळूहळू थांबलं. बायकांनी वापरलं की नावाची किंमत उतरते, हेच त्यातून दिसतं.

आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. ‘मुलगी नाही हो, मुलगाच आहे आमचा’ हे वाक्य कौतुक म्हणून म्हटलं जातं. सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुशा’ नावाच्या 285 मुलींचं समारंभाने नव्याने नामकरण करावं लागलं. हरियाणात काफी, भतेरी म्हणजे ‘आता पुरे’ अशी नावं मुलींना दिली जात. मुलगा हवा होता, ही खंत मुलीच्या नावात उतरवायची सवय आपल्याला जुनी आहे. विक्रम हे त्याच सवयीचं शिकलेलं रूप तर नाही ना, हे आईबापांनी स्वतःला विचारावं. धाकटा झाला असता तर हेच नाव त्याच्यासाठी राखून ठेवलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर नाव बदला.

सोनचाफा
नकुशा आणि विक्रम एका तागडीत घालू नका. नकुशा म्हणजे नकोशी. मुलीला तिच्याच नावाने रोज नाकारणं. विक्रम म्हणजे पराक्रम, तो मुलीचा असू नये असं तुम्हालाही वाटत नसणार. शेवटचा प्रश्न मात्र रास्त आहे. तो प्रत्येक घरात विचारला जावा.

जुनं दप्तर
मत कोणतंही असो, आधी कागदाचं बघा. निस्तरावं लागतं ते तिथेच.

मुलीचं नाव अमुक प्रकारचंच असावं अशी अट जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात (1969) नाही. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात जन्म झाला तर रुग्णालयच देतं. नमुना 1 मध्ये लिंगाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. नाव रिकामं ठेवून नोंद झाली तर नोंदणीपासून 12 महिन्यांत ते फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून जन्मदाखल्यात सहसा घोळ होत नाही. घोळ होतो पुढच्या प्रत्येक खिडकीवर, कारण तिथे माणूस नाव ऐकून लिंगाचा रकाना भरतो. ‘विक्रम’ म्हटलं की त्याचा हात आपोआप ‘पुरुष’वर जातो.

बाल आधार काढताना हे हमखास घडू शकतं. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, आईचं किंवा वडिलांचं आधार जोडतात, आणि सगळी माहिती टंकून भरतात. पावती छापण्याआधी पडद्यावरचा प्रत्येक रकाना स्वतः वाचा. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं, पण लिंग आणि जन्मतारीख एकेकदाच. ती एकमेव संधी दुसऱ्याच्या घाईत खर्च होऊ देऊ नका.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यात एक अक्षर चुकलं तर चूक सगळीकडे जाते.

आणि इंग्रजी स्पेलिंग! अभयला शेवटी ‘ए’ लावला की लोक अभया वाचतात, नाही लावला की अभय. तिथे निवड करता येते. शौर्य, रुद्र, आदित्य, अथर्व यांना इंग्रजीत शेवटचा ‘ए’ लागतोच, त्यामुळे रुद्र आणि रुद्रा कागदावर एकच दिसतात. मग यंत्र इंग्रजीवरून मराठी करतं आणि मुलीचं ‘रुद्रा’ होऊन बसतं. दाखल्यावर दोन्ही लिप्या तपासूनच सही करा.

उंबरठा
मला एक मधला मार्ग दिसतो. पारस्कर गृह्यसूत्रात (घरातले संस्कार सांगणारा जुना संस्कृत ग्रंथ) मुलग्याचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं असं सांगितलंय. अभया, विजया, अजिता ही त्यात नेमकी बसतात. महाभारतात चित्रांगद आहे आणि चित्रांगदाही आहे. अर्थ तोच, फक्त शेवट मुलीचा. जुनी सोय असताना ती का मोडायची?

सोनचाफा
त्या नियमाने सीता आणि उमा बाद होतात, कारण दोन अक्षरी. सावित्री, पार्वती, मालती तीन अक्षरी खऱ्या, पण ईकारान्त. जो नियम खुद्द सीतेला लागू झाला नाही तो आजच्या अभयला का लावायचा? आणि अभया हे आयुर्वेदात हिरड्याचं नाव आहे, अभयारिष्ट त्यावरूनच आलं. शाळेत चिडवाचिडवी होईल म्हणून अभय टाळायचं, तर अभयाही सुटत नाही.

पंचगंगेचा घाट
एक मुद्दा कुणी घेतलाच नाही. कोल्हापूरकडच्या मुली-बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कोकणीत लहान मुलगी नपुंसकलिंगी असते, ‘तें चेडूं’. घराघरांत पोरीला ‘आला का माझा सोन्या’ म्हणतात. आपली बोली या बाबतीत कधीच कडक नव्हती.

पूर्वी लिंग नावात नसून पुढच्या जोडात असायचं. माणिकराव–माणिकबाई. पंजाबात आजही गुरप्रीत, हरप्रीत, मनजीत ही नावं दोघांची असतात. सिंग आणि कौर तेवढं कोण ते सांगतात. आपण राव आणि बाई टाकून दिले, त्यामुळे सगळा भार नुसत्या नावावर आला. म्हणून विक्रम आज खटकतं.

पाटीपेन्सिल
हे पटलं. पण मग तोटाही तोच: आधार देणारा जोड आता नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे. त्यातूनही बाळ मुलगा की मुलगी ते कळत नाही. हजेरीपटावर, रेल्वेच्या तिकिटावर, वसतिगृहाच्या यादीत ‘हा विक्रम कोण?’ हे त्या मुलीलाच आयुष्यभर सांगत बसावं लागेल. निवड आईबापांची आणि खुलासा मुलीचा, यात मला अन्याय दिसतो.

राइनकाठ
जर्मनीतल्या मराठी घरांसाठी लिहितो. तिथे नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा दंडक नोंदणी कार्यालयं लावत असत. एका भारतीय वंशाच्या कुटुंबाला मुलीचं नाव ‘किरण’ ठेवू दिलं नाही. सोबत स्पष्ट मुलीचं दुसरं नाव लावा म्हणाले. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि 5 डिसेंबर 2008 ला निकाल आईबापांच्या बाजूने लागला: असा कोणताही कायदा नाही, मर्यादा फक्त बाळाच्या हिताची. मात्र ज्या नावातून मुलाला स्वतःच्या लिंगाशी जुळवून घेणं उघडच अशक्य आहे, तिथे ती मर्यादा येते असंही न्यायालयाने म्हटलं. म्हणजे किरण, शशी निर्धास्त ठेवा. विक्रमसाठी विचारणा होऊ शकते. ते नाव दुसरं म्हणून लावलंत तर अडचण कमी.

आइसलँडमध्ये तर ‘ब्लायर’ नावाच्या मुलीला सरकारदरबारी नुसतंच ‘मुलगी’ म्हणून नोंदवलं होतं, कारण त्या भाषेत तो शब्द पुल्लिंगी. ती पंधरा वर्षांची असताना, जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने नाव मान्य केलं. 2019 मध्ये तिथे नावांची स्त्री-पुरुष वाटणीच कायद्यातून गेली.

पाटीपेन्सिल
जुनं दप्तर, मुलीला मोठेपणी नाव नकोसं झालं तर वाट काय?

जुनं दप्तर
अठरा वर्षं पूर्ण झाली की ती स्वतः राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊ शकते. त्याआधी पालक तिच्या वतीने अर्ज करतात. जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर हे मूळ कागद. बदल करायचाच असेल तर दहावीचा फॉर्म भरण्याआधी करा. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव छापलं की पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघतात. राजपत्राची प्रत प्रत्येक अर्जाला जोडत बसावं लागतं, म्हणून तिच्या चार-पाच प्रती नेहमी जवळ ठेवा. आणि मुलीला नाव पसंत आहे का, हे आठवी-नववीतच विचारून घ्या.