प्रेताचे तुकडे केले म्हणजे थेट फाशी? एका फिरत्या पोस्टला उत्तर

काळा कोट:
सध्या प्रत्येक ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. "प्रेताचे तुकडे करणाऱ्याला खटला कशाला? कोर्ट म्हणतं हा दुर्मिळातला दुर्मीळ गुन्हा नाही. चौदा वर्षांनी नराधम मोकळा!" दुर्लक्ष करणार होतो, पण माझ्याच बॅचच्या वकिलाने ती पुढे ढकलली आणि डोकं फिरलं.

१९८० च्या बच्चनसिंग निकालापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' खुनासाठी. गुन्हा बघायचा तसा गुन्हेगारही बघायचा, तो सुधारू शकतो का तेही. १९८३ च्या मच्छीसिंग निकालात कोणत्या प्रकारच्या खुनाला फाशी द्यावी याची वर्गवारी आली आणि त्यात प्रेताचे तुकडे करणंही आहे. पोस्टवाले तिथेच थांबतात. २००९ चं बरियार प्रकरण त्यांच्या गावी नाही. खंडणीसाठी अपहरण, खून आणि मग प्रेताचे तुकडे. सुप्रीम कोर्टाने कृत्य घृणास्पदच म्हटलं, पण केवळ विल्हेवाटीच्या पद्धतीवरून फाशी देता येणार नाही असं सांगून जन्मठेप दिली.

मला विचाराल तर बरोबर केलं. मेलेल्याला वेदना होत नाहीत. तुकडे करणं हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा, जुन्या दंड संहितेचं कलम २०१, आता भारतीय न्याय संहितेचं २३८. शवविच्छेदन अहवालात जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची हे लिहिलेलं असतं. जिवंतपणीच्या जखमेच्या कडांत रक्त उतरून साकळलेलं असतं. क्रौर्य शोधायचं तर तिथे शोधा, बातमीतल्या फ्रिजमध्ये आणि सुटकेसमध्ये नाही.

सडेतोड:
वा वकीलसाहेब! म्हणजे आधी गळा दाबायचा, मग करवत चालवायची, आणि वर सूट मागायची. ज्याचा हात करवत धरताना थरथरत नाही, त्याच्यात सुधारणा कसली शोधता? वेदना मेलेल्याला होत नसतील, घरच्यांना होतात. त्यांना अंत्यसंस्काराला पूर्ण देहसुद्धा मिळत नाही.

आणि फाशी झाली तरी देता कुठे? लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या त्या बहिणी घ्या. १९९६ ला अटक, २००१ ला फाशीची शिक्षा, २००६ ला सुप्रीम कोर्टाची मोहोर. दयेच्या अर्जाची फाईल सरकारने सात वर्षांहून जास्त झोपवली आणि त्या उशिरापायी २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. झोपलं सरकार, फायदा कोणाचा?

उंटावरचा शहाणा:
सडेतोडना प्लस वन. आणि जन्मठेप म्हणजे तरी काय, चौदा वर्षं.

काळा कोट:
हे चौदाचं खूळ कोण काढतं देव जाणे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसेच्या अर्जावर सांगितलंय. ज्या खुनाला फाशी होऊ शकते त्यात चौदा वर्षं ही किमान अट आहे, त्याआधी सरकार शिक्षा माफ करून सोडू शकत नाही, इतकंच. त्यानंतर सुटणं हा हक्क नाही.

शिवाय २००८ चं श्रद्धानंद प्रकरण वाचा. बायकोला गुंगीचं औषध देऊन पेटीत घालून अंगणात पुरलं. कोर्टाने फाशी काढली, पण मरेपर्यंत सुटका नाही असं लिहून. हा मधला मार्ग २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मान्य केला. फक्त तो हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच मोकळा आहे, सत्र न्यायाधीशाला नाही.

सातबारा:
मरेपर्यंत म्हणे. आमच्याकडे या, दाखवतो.

माझ्या चुलतभावाला बांधावरून मारलं. एकाच घावात गेला, म्हणून तुमच्या भाषेत तो 'साधा' खून. जन्मठेप झाली. पण गडी अधूनमधून तुरुंगातून संचित रजेवर घरी असतो. आम्हाला कोणी कळवत नाही. समोरच्या दारात त्याच्या चपला दिसल्या की चुलती आतून कडी लावते आणि तो जाईपर्यंत ओट्यावर येत नाही. शिक्षा नेमकी कोणाला झालीय?

उंटावरचा शहाणा:
पॅरोल म्हणजे निव्वळ थट्टा आहे. पैसेवाल्यांची सोय.

काळा कोट:
पॅरोल वेगळा, संचित रजा वेगळी. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, ती घरातलं आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. संचित रजा चांगल्या वर्तणुकीवर मिळते आणि शिक्षेत धरली जाते.

सातबारा:
छान. चुलतीला सांगतो, चपला संचित आहेत की अभिवचन ते आधी बघ.

उंटावरचा शहाणा:
धागा फाशीवरचा होता ना?

सडेतोड:
असू दे. निदान कोणीतरी मारल्या गेलेल्या माणसाच्या घरचं बोलतंय.

मंजिरी:
मग मीही बोलते.

माझ्या मावसबहिणीला नवऱ्याने रॉकेल ओतून पेटवलं. काही दिवस जिवंत होती, शुद्धीवर. मृत्युपूर्व जबाब घ्यायला अधिकारी आले तेव्हा दोन्ही हातांची बोटं भाजलेली होती, म्हणून पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. पाय मी धरला होता. पुढे कोर्टात त्याच ठशावरून उलटतपासणी. एवढी भाजलेली बाई बोलली कशी? शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा शेरा नेमका किती वाजताचा?

जबाब टिकला. पण शिक्षा खुनाची नाही, ३०४ भाग दोनखाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाची. का, तर ती पेटल्यावर त्यानेच पाणी ओतलं, म्हणजे मारण्याचा हेतू नव्हता. आणि मृत्यू काय म्हणे जंतुसंसर्गाने झाला. जास्तीत जास्त दहा वर्षांचं कलम.

काळा कोट, तुम्ही म्हणता क्रौर्य जिवंतपणीच्या वेदनेवर मोजायचं. मोजा ना मग. आणि सडेतोड, तुम्ही ती करवतीची पोस्ट फॉरवर्ड केली असेलच. जळालेल्या बाईची एखादी तरी केलीत का आजवर?

काळा कोट:
ताई, वाईट वाटलं. पण कायद्याच्या दृष्टीने आधी हेतू ठरतो. मारण्याचा किंवा मरण ओढवायला पुरेशी इजा करण्याचा हेतू, नाहीतर मरण जवळजवळ नक्की ओढवेल याची जाणीव सिद्ध झाली तरच तो खून, आणि क्रौर्याचा विचार त्यानंतर, शिक्षा ठरवताना. तुमच्या केसमध्ये पहिल्याच पायरीवर...

मंजिरी:
पहिली पायरी मला तोंडपाठ आहे, दादा. रॉकेल ओतताना हेतू नव्हता आणि पाणी ओतताना हेतू दिसला, एवढंच अजून समजलेलं नाही.

काळा कोट:
त्या निकालाचं समर्थन करत नाहीये. पाणी ओतलं एवढ्यावरून हेतूच नव्हता म्हणणं मलाही पटत नाही. सरकारने अपील केलं होतं का?

मंजिरी:
नाही. सरकारी वकील म्हणाले, शिक्षा झाली ना, समाधान माना.

सडेतोड:
नाही केली फॉरवर्ड. बरोबर आहे तुमचं. पण म्हणून करवतवाला सुटावा का? दोघांनाही लटकवा.

मंजिरी:
माझ्या मावशीने फाशी मागितलीच नव्हती. खून झालाय, तर निकालात खून लिहा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

उंटावरचा शहाणा:
भावनेवर कायदा चालत नाही.

सडेतोड:
अहो शहाणे, मघाशी मला प्लस वन देताना कशावर चालत होता?

काळा कोट:
सातबारा, तुमच्या कामाचं सांगतो. रजा देण्याआधी तुरुंगाकडून स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. तुरुंग अधीक्षक आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या की रजेआधी आमचं म्हणणं ऐका आणि रजा दिली तर कळवा. पोच घ्या.

सातबारा:
दिलाय. पोच मागितली तर हवालदार म्हणाला, त्याची काय गरज, आम्ही आहोत ना.

काळा कोट:
मग स्पीड पोस्टाने पाठवा. मसुदा मी करून देतो, व्यनि (खासगी निरोप) करा.