मदत हवी आहे: काचेच्या इन्सुलेटरच्या अदलाबदलीला पहिल्यांदाच जातोय

इंडियानात राहतो. येत्या शनिवारी एका संग्राहक आजोबांच्या परसात तारखांबांवरच्या जुन्या काचेच्या इन्सुलेटरची अदलाबदल आहे. (आपल्याकडे खांबांवर पांढरे चिनी मातीचे दिसायचे, तेच काम, इथे काचेचे.) माझ्याकडे खोकंभर माल आहे. बहुतेक इथल्याच मन्सी शहरातल्या हेमिंग्रे कंपनीच्या कारखान्यातले, ‘हेमिंग्रे-४२’ या नमुन्याचे, निळसर-हिरवे. ते पैशाला पासरी, हे ठाऊक आहे. पण एकावर ‘पेटंट २ मे १८९३’ अशी उठावाची अक्षरं आहेत आणि खालच्या कडेला थेंब गळायला बारीक टोकं. दोन टोकं उडालीत. अशाला कोणी हात लावतं का?

खरी धास्ती जांभळ्यांची. मँगनीज असलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी होते, पण हल्ली किरणोत्सर्गाचा मारा करूनही तसा रंग आणतात म्हणे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळतो का? गडद जांभळा दिसला की मी हमखास भुलणार!

आणि वरची काजळी धुऊन नेऊ की तशीच ठेवू? बायको म्हणते, आधी गॅरेज रिकामं करा.