मदत हवी आहे: पॉइंट टू टूला मझल ब्रेक की एक्स्टेन्शन ट्यूब?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून विचारतोय. पुतणी पॉइंट टू टू (.२२ बोअर) रायफलने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारते. सोबतचा एकजण म्हणतो, नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लाव, धक्का कमी बसेल. मला पटत नाही. ब्रेक चालतो बाजूच्या भोकांतून सुटणाऱ्या वायूवर. या काडतुसात दारू चिमूटभर, गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वायू येणार कुठून? उलट आवाज शेजारच्या लेनवाल्याच्या कानावर आदळतो. शिवाय आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धांत रायफलला ब्रेक चालतच नाही.

म्हणून नळीच्या तोंडाला जोडायची बिनभोकांची एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी म्हणतोय, पुढची साइट (नेम धरायची खूण) लांब जाते. कुणी वापरली आहे का? वजन पुढे गेल्यावर डावा हात सरावायला किती वेळ लागतो? ग्रुपमध्ये, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात त्यात, फरक पडला का? पोर जीव ओतून सराव करते, जाणकारांनी जरूर सांगा.