मॅट वार्निशला 'झिलई' म्हणता येईल का?

शाईदौत
छपाईवरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. प्रकरण वार्निशचं, म्हणजे छापल्यावर पानावर चढवायच्या पारदर्शक थराचं: छायाचित्रांवर ग्लॉस, बाकी पानावर मॅट, म्हणजे चमक हवी तिथे वाढवायची आणि नको तिथे मारायची. मी दोन्हीला 'झिलई' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, झिलई म्हणजेच चमक, मग 'मॅट झिलई' कशी? ते 'रोगण' सुचवताहेत. तुम्ही काय लिहाल?

उभा_दंड
संपादक बरोबर आहेत. झिलई अरबी 'जिला'वरून आली, अर्थच उजाळा. रोगणात चमक गृहीत नाही, नुसता थर आहे. 'चमकदार रोगण', 'निस्तेज रोगण' लिहा. आपल्याकडे शब्द असताना वार्निश कशाला?

चौथारंग
छापखान्यात कोणी रोगण म्हणत नाही. वार्निश, कोटिंग, स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच देतात तो, अतिनील उजेडात सुकणारा थर), एवढंच. शिवाय रोगण म्हणजे मुळात फारसीत तेल. तेलाचं वार्निश शाईसारखं प्लेटवरून पडतं, तिथे ठीक. अ‍ॅक्वस कोटिंग पाण्याचं असतं, त्याचं काय करणार? आणि 'निस्तेज' तर कृपा करून नको. मॅट वार्निशात सिलिकाचे किंवा मेणाचे बारीक कण असतात, ते उजेड विखुरतात, म्हणून पान डोळ्यांवर चमकत नाही. 'निस्तेज' वाचून गिऱ्हाइकाला छपाईच फिकी आली असं वाटेल.

उभा_दंड
व्युत्पत्तीला इतकं बांधून घ्यायचं कारण नाही. शाई 'स्याह'वरून, म्हणजे काळी. तरी लाल शाई म्हणतोच ना? तसंच पाण्याचं रोगण.

मागचं_पान
मग त्याच न्यायाने मॅट झिलईही चालली पाहिजे! लाल शाईला मोकळीक आणि झिलईला नाही, असं कसं?
'मॅट'बद्दल थोडं: फ्रेंच 'मात' म्हणजे चमक नसलेला. काही जण तो बुद्धिबळातल्या शह-मातशी जोडतात, काही लॅटिन 'मॅट्टुस'शी. मला शह-मात पटते. चमक हरली, म्हणून मॅट.

चौथारंग
पण हरते फक्त चमक असं नाही. काळ्याभोर केसांचं छायाचित्र घ्या. ग्लॉसखाली काळा खोल दिसतो, केसांच्या बटा सुट्या होतात. त्यावरच मॅट मारलं की विखुरलेला उजेड काळ्यात मिसळतो आणि काळा राखाडीकडे झुकतो. म्हणून चित्रांच्या पुस्तकात मॅट आर्ट पेपर (लेप दिलेला, पण न चमकणारा कागद) घेऊन फक्त चित्रांवर ग्लॉस देतात. मजकूर दिव्याखाली चमकत नाही, चित्राला खोली येते. हे अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर करू नका, कागद वार्निश पिऊन टाकतो आणि फरक जेमतेम दिसतो.

शाईदौत
हे फार उपयोगी आहे. पण मधला एक प्रकार आहे, सॅटिन. ग्लॉसही नाही, मॅटही नाही. त्याला?

मागचं_पान
तकाकी! घोड्याच्या अंगावर असते ती. आरशासारखी नाही, पण आहे.

उभा_दंड
तकाकी आणि चकाकी एकच. जोडशब्दासारखे फिरवून वापरतात.

मागचं_पान
मुळीच नाही. चकाकी उजेड फेकते, तकाकी आतून येते. आजारातून उठलेल्याच्या चेहऱ्यावर तकाकी येते, चकाकी नाही.

चौथारंग
मशिनला आतून-बाहेरून कळत नाही. ग्लॉसमीटर साधारण 60 अंशांतून उजेड टाकतो आणि किती परत आला ते मोजतो. काळ्या काचेचा एक प्रमाणित तुकडा म्हणजे 100. फार मॅट असेल तर 85 अंश लावतात. तुमची तकाकी कोणत्या आकड्यावर सुरू होते ते सांगा.

उभा_दंड
आकड्याला आकडा म्हणा, शब्दाला शब्द. 'ओप' कोणालाच कसा आठवला नाही? सोन्याला ओप देतात, तसा पानाला ओप. कमी ओप, जास्त ओप, वाद मिटला.

मागचं_पान
ओप घासून देतात. वार्निश घासत नाहीत, वर चढवतात. आणि लकाकी राहिलीच की.