स्मारकावर बोट कशी बुडाली हे कोरायचं की नाही?

खोलदर्या:
दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अमेरिकी पाणबुड्यांच्या स्मारकांबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, "५२च्या ५२ बोटी शत्रूने बुडवल्या. फलकावर नाव-तारीख बास, बाकी तपशील म्हणजे हुतात्म्यांचा अपमान." वाचून गप्प बसवेना.

एस-२६ जानेवारी १९४२ मध्ये पनामाच्या आखातात बुडाली, ती बरोबरच्या पीसी-४६० या अमेरिकेच्याच गस्तीनौकेची धडक बसून. ४६ जण गेले, ब्रिजवरचे, म्हणजे बोटीच्या माथ्यावरच्या उघड्या मचाणावरचे, तिघे वाचले. आर-१२ जून १९४३ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ सरावात गेली. पुढच्या बॅटरी कंपार्टमेंटमध्ये पाणी शिरलं आणि काही सेकंदांत बोट खाली. 'सीवुल्फ' ऑक्टोबर १९४४ मध्ये बहुधा 'रोवेल' या अमेरिकी जहाजाच्याच माऱ्याने गेली. एस-२७, एस-३६, एस-३९ आणि 'डार्टर' या चार तर खडकावर चढल्या म्हणून सोडाव्या लागल्या, त्यांत एकही माणूस दगावला नाही. यांना "शत्रूने बुडवल्या" म्हणणं हे धडधडीत खोटं आहे, आणि खोट्यावर स्मारक उभं राहू नये.

सुकाणू:
ते वाक्य चूक आहे, मान्य. पण त्यावरून कारण कोरायलाच हवं हे कसं निघतं? अहो, कारण पक्कं माहीत तरी आहे का? 'ग्रुनियन' १९४२ मध्ये अलास्काच्या किस्का बेटाजवळ नाहीशी झाली. तिचा सांगाडा सापडायला २००७ साल उजाडलं, आणि ती नक्की कशाने गेली यावर अजून वाद आहे. ग्रॅनाइटमध्ये खोल कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. अख्खा पृष्ठभाग घासून खाली न्यावा लागतो, मग शेजारची नावंही जातात. अंदाज दगडावर कोरू नका. ती जागा माणसांची आहे, चौकशी अहवालाची नाही.

पिनतुटी:
कारण लपवलं की टॉर्पेडो बनवणारे सुटतात, हे कुणी बोलतच नाही. 'टुलिबी'ने २६ मार्च १९४४ ला प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांच्या उत्तरेला दोन टॉर्पेडो सोडले, त्यातला एक वळसा घालून तिच्यावरच आला. एकच जण वाचला, तोही जपान्यांचा कैदी झाला. तो परतला नसता तर आजही फलकावर "कारण अज्ञात" असतं. 'टँग'चंही तेच. २५ ऑक्टोबर १९४४, शेवटचा टॉर्पेडो डावीकडे वळला आणि बोटीच्या मागच्या भागात बसला. ७८ गेले, ९ वाचले. मार्क १४ या टॉर्पेडोच्या पापाची ही किंमत!

सुकाणू:
'टँग'चा तो टॉर्पेडो मार्क १४ नव्हता, विजेवर चालणारा मार्क १८ होता. आरोप करायचाच तर निदान योग्य यंत्रावर करा.

पिनतुटी:
'टँग'पुरतं मार्क १८, ठीक. पण मार्क १४ निर्दोष होता असं सुचवत असाल तर ऐका. त्यात एकामागे एक लपलेले तीन दोष होते. आधी तो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे ११ फूट खालून जायचा. हे कळलं जून १९४२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या आल्बनीजवळ मासेमारीच्या जाळ्यावर टॉर्पेडो सोडून पाहिले तेव्हा. खोली दुरुस्त केली तर जहाजाच्या चुंबकत्वावर उडणारा चुंबकीय स्फोटक वेळेआधी उडायला लागला. तो बंद केला तर तिसरा दोष उघडा पडला. टॉर्पेडो काटकोनात आदळला की स्फोट घडवणारी फायरिंग पिन स्वतःच्या खाचेत घासून अडकायची आणि तिचा ठोका पुरेसा जोरात बसायच्या आत पुढचं तोंड चिरडायचं. तिरका आदळला तर फुटायचा! म्हणजे कप्तानाचा नेम जितका अचूक, तितकी फुसका बार होण्याची शक्यता जास्त. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा'ने 'तोनान मारू ३' या जपानी तेलवाहू जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले, त्यातले ११ आदळूनही फुटले नाहीत. मग क्रेनने ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून चाचणी घेतली, काटकोनात १० पैकी ७ फुसके. पिन हलक्या मिश्रधातूची केल्यावर प्रश्न सुटला. युद्ध सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. हे कोरा की कुठेतरी!

खोलदर्या:
पिनतुटी, पिनेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण टॉर्पेडो फुटला नाही आणि टॉर्पेडो उलटा आला हे दोन वेगळे दोष आहेत. वळसा येतो तो जायरो (दिशा धरून ठेवणारं यंत्र) किंवा सुकाणूच्या बिघाडाने. स्मारकाशी संबंध दुसऱ्याचा आहे.

पिनतुटी:
संबंध दोन्हींचा आहे. फुसक्या टॉर्पेडोने शत्रू बुडत नव्हता, फक्त बोटीची जागा उघडी पडत होती. त्यानंतर वरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, पडायचे ते त्याच माणसांवर. पण तुम्हाला हे ऐकायचंच नसेल तर राहू द्या.

नामावली:
कारणावरून भांडताय, पण नावं तरी पूर्ण आहेत का? यादी बोटीप्रमाणे केली की कोण सुटतं ते बघा. 'ग्राउलर'चा कप्तान हॉवर्ड गिलमोर ७ फेब्रुवारी १९४३ ला ब्रिजवर जखमी असताना स्वतः वर राहिला आणि बोट खाली न्यायचा हुकूम दिला. त्याच्याबरोबर ब्रिजवर आणखी दोघे दगावले. बोट मात्र परतली, दुरुस्त झाली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये सगळ्यांसकट बुडाली. बुडाली त्या दिवशीच्या हजेरीवरून यादी काढली तर हे तिघे तिच्यात येतच नाहीत. उलट 'डार्टर'ची शिला उभी आणि तिच्यावर कोरायला नाव नाही.

सुकाणू:
गिलमोरचा मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मानतो. यादी माणसांचीच करा, बोट फक्त मथळ्याला. पण कारण दगडावर नको म्हणजे नको. फार तर शेजारी वेगळी ब्राँझची पट्टी लावा, नवं काही कळलं तर बदलता येईल.

खोलदर्या:
पट्टी चालेल, पण नीट लावली तरच. ब्राँझ साध्या लोखंडी स्क्रूने बसवलं की खाऱ्या हवेत आधी स्क्रू खातो, मग गंजाचे ओघळ थेट नावांवर उतरतात. खुंट्या ब्राँझच्याच हव्यात आणि पट्टीमागे पाणी निघून जायला फट हवी. आणि 'सीवुल्फ'वर ८३ खलाशी-अधिकाऱ्यांबरोबर १७ लष्करी प्रवासी होते. ते पाणबुडीदलाचे नव्हते म्हणून माणसांच्या यादीतही सुटणार का?

नामावली:
सुटता कामा नयेत. त्याच मथळ्याखाली, त्याच मापाच्या अक्षरांत.

सुकाणू:
वेगळ्या ओळीत. ते पाणबुडीचे कर्मचारी नव्हते.

नामावली:
बुडताना एकत्रच होते ना? मग ओळ वेगळी कशाला?